किरळ, ऊस आणि पेशीचा चयापचय : पदवी वर्गात नियमनाचा अभ्यास कसा व्हावा

पदवी परीक्षेस बसणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास ग्लुकोजच्या विघटनाच्या पायऱ्या विचारल्या, तर तो बहुधा त्या दहाही पायऱ्या क्रमाने लिहून देतो. सायट्रिक आम्ल चक्राची आकृतीही तो बिनचूक काढतो. परंतु पेशीस ऊर्जेची निकड नसताना ही साखळी नेमकी कोठे थांबते, ती कोण थांबविते आणि निकड उत्पन्न होताच ती पुन्हा कशी सुरू होते, असा प्रश्न आला की त्याची लेखणी अडखळते. मार्ग त्यास पाठ असतो. त्या मार्गावरील वाहतुकीचे भान मात्र त्यास नसते.

या उणिवेचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फोडणे योग्य होणार नाही. आपल्या अध्यापनाचा क्रमच असा आहे की प्रथम पदार्थ, मग विकर, मग विक्रिया, मग ऊर्जेचा हिशेब आणि वर्षाच्या अखेरीस वेळ उरलाच तर नियमन. वस्तुतः चयापचयाचा अर्थ नियमनात आहे. पेशीत हजारो विक्रिया एकाच वेळी चालू असतात. त्या सर्व स्वैर चालल्या असत्या, तर एका मार्गाने घडविलेले दुसऱ्या मार्गाने तत्काळ मोडले गेले असते. तसे होत नाही, हेच जिवंतपणाचे लक्षण होय. म्हणून नियमन हे चयापचयाच्या पाठाचे परिशिष्ट नसून त्याचे प्रवेशद्वार असावे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. त्यासाठी उदाहरणे घेतली आहेत ती यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडच्या परिसरातील. ज्यांना उद्या अशाच एखाद्या तालुक्याच्या गावी अध्यापन करावयाचे आहे, त्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही मांडणी उपयोगी पडेल, अशी अपेक्षा आहे.

विद्यार्थी सोबत काय घेऊन येतो

उमरखेड हे पैनगंगेच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण. नदीपलीकडे मराठवाडा, अलीकडे वऱ्हाड. येथील गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. परिसरातील शेती कापूस, सोयाबीन, ज्वारी, हळद आणि ऊस यांची आहे. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्यामुळे ऊस या तालुक्याच्या परिचयाचे पीक झाले. अशा गावच्या पदवी वर्गात बसलेला विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याच्या घरचा असतो. त्याने उंदराच्या यकृताचे काप पाहिलेले नसतात, कबुतराच्या छातीच्या स्नायूवर क्रेब्ज यांनी १९३७ साली केलेले प्रयोगही त्यास परके वाटतात. परंतु त्याने ज्वारीच्या कोवळ्या धाटांपासून गुरे हाकललेली असतात, तोडलेला ऊस कारखान्याच्या फाटकाशी दोन दिवस अडकला म्हणजे घरात होणारी काळजी पाहिलेली असते, आणि फवारणीनंतर घेरी येऊन पडलेल्या मजुराची हकिगत ऐकलेली असते. या तिन्ही गोष्टी पेशीतील चयापचयाच्या नियमनाशी निगडित आहेत. आपण त्या वर्गात आणीत नाही, एवढेच.

ज्वारीचे विष आणि कप्प्यांची व्यवस्था

ज्वारीची कोवळी धाटे अथवा कापणीनंतर फुटलेले कोंब खाऊन जनावर दगावले, तर शेतकरी त्यास ‘किरळ लागली’ असे म्हणतात. पावसाने दडी मारली असता, किंवा पीक गुडघ्याएवढे असताना हा धोका विशेष असतो. पीक वाढून फुलोऱ्यावर आले की तो बराच ओसरतो आणि नीट वाळलेला कडबा गुरे निर्धास्त खातात. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. त्यामागील रसायन असे :

ज्वारीच्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. टायरोसीन या अमिनो आम्लापासून वनस्पती तो तयार करते. धुरिन स्वतः फारसे घातक नाही. परंतु विशिष्ट विकराने त्यातील शर्करेचा भाग तोडला की उरलेल्या भागातून हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. आता विचारी विद्यार्थी पहिलाच प्रश्न असा विचारील की, पदार्थ आणि तो तोडणारे विकर ही दोन्ही एकाच पानात असताना ज्वारी स्वतः कशी मरत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नियमनाचा पहिला पाठ होय. धुरिन असते पानाच्या बाह्यत्वचेच्या पेशींतील रिक्तिकांत, आणि विकर असते आतील हरित पेशींत. पान अभंग असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावले की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि विष निर्माण होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्या कामी आणखी हातभार लावतात.

विकराचा वेग बदलणे हाच नियमनाचा एकमेव उपाय नाही. पदार्थ आणि विकर यांना निरनिराळ्या कप्प्यांत ठेवणे हाही नियमनाचाच प्रकार होय. मेदाम्लांची घडण पेशीद्रवात आणि त्यांचे विघटन तंतुकणिकेत का होते, हे पुढे शिकविताना ज्वारीचे पान पुन्हा आठवावे. तत्त्व तेच आहे.

ज्वारी आणखी दोन मार्गांनी स्वतःचे रक्षण करते. थोडेफार सायनाइड सुटलेच, तर तिच्यातील एक विकर त्याचा सिस्टीनशी संयोग घडवून त्यास निरुपद्रवी करते. शिवाय वनस्पतींच्या तंतुकणिकांत इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणारा एक पर्यायी ऑक्सिडेझ असतो आणि त्यावर सायनाइडचा परिणाम होत नाही. या आडवाटेने ऊर्जा फारशी हाती लागत नाही, परंतु वाहतूक सर्वस्वी खोळंबत नाही. गुरांच्या आणि माणसांच्या पेशींत ही आडवाट नाही.

अडथळा एक, परिणाम अनेक

सायनाइड रक्तातून पेशीत पोहोचले म्हणजे ते तंतुकणिकेतील इलेक्ट्रॉन-वहन साखळीच्या अखेरच्या टप्प्यावर, सायटोक्रोम ऑक्सिडेझमधील लोहास चिकटते. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळेनासे होतात. रक्तात ऑक्सिजन विपुल असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. म्हणूनच अशा जनावराचे नीलेतील रक्तसुद्धा लालभडक दिसते. श्वास चालू असताना पेशी गुदमरतात, हा या विषबाधेचा विशेष. फुप्फुसांचा श्वास आणि पेशींचे श्वसन यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यास याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

येथून पुढे अध्यापकाने फळ्यावर एक एक पायरी विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावी. साखळी तुंबली की तिला इलेक्ट्रॉन देणारे एनएडीएच रिते होऊ शकत नाही. ते साचते आणि एनएडी दुर्मीळ होते. सायट्रिक आम्ल चक्रास एनएडी लागते, म्हणून ते चक्र थांबते. प्रोटॉनांचे पटलापलीकडे उपसणे बंद झाल्याने एटीपीची निर्मिती थांबते. एटीपीचा खर्च मात्र चालूच असतो. विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्याच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे ४० किलोग्रॅम एटीपी वापरले जाते, आणि कोणत्याही क्षणी शरीरातील त्याचा साठा सुमारे १०० ग्रॅमच असतो, असा ढोबळ हिशेब पाठ्यग्रंथांतून दिलेला असतो. याचा अर्थ प्रत्येक रेणू दिवसातून सुमारे ४०० वेळा मोडला व घडविला जातो. अशा व्यवहारात निर्मिती काही क्षण थांबणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

आता नियमनाची यंत्रणा पुढे येते. ग्लुकोजच्या विघटनातील तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेझ हे विकर असते. एटीपी मुबलक असले की ते याच विकराच्या निराळ्या जागी बसून त्याचा वेग मंदावते. सायट्रेटही त्याच दिशेने काम करते. उलट एएमपी वाढले की विकर पुन्हा वेग घेते. येथे एक शंका येते : एटीपीतील लहानशी घट पेशीस इतक्या तातडीने कशी कळते? याचे उत्तर एका साध्या समतोलात आहे. एडीपीचे दोन रेणू मिळून एटीपीचा एक व एएमपीचा एक रेणू होतो आणि हा समतोल पेशीत एका विकरामुळे त्वरित साधला जातो.

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. समजा, पेशीत एटीपी ५·०, एडीपी १·० आणि एएमपी ०·१ मिलिमोलर आहे. समतोल स्थिरांक ०·५ धरला, तर हे आकडे परस्परांशी जुळतात. आता एटीपी दहा टक्क्यांनी घटून ४·५ झाले आणि तिघांची बेरीज ६·१ हीच राहिली, तर वर्गसमीकरण सोडविल्यावर एएमपी सुमारे ०·२१ येते व एडीपी सुमारे १·३९. म्हणजे एटीपी एक-दशांशाने उतरले, तर एएमपी दुपटीहून अधिक झाले. मंद हाकेचे मोठ्या आवाजात रूपांतर व्हावे, तसा हा प्रकार आहे. अ‍ॅटकिन्सन यांनी १९६८ च्या सुमारास मांडलेली ‘ऊर्जाभार’ ही कल्पनाही याच आकड्यांवरून समजाविता येते : एटीपी व निम्मे एडीपी यांच्या बेरजेस तिघांच्या एकूण बेरजेने भागावे. वरील उदाहरणात ऊर्जाभार ०·९० वरून ०·८५ वर उतरतो. निरोगी पेशी हा भार सामान्यतः याच वरच्या पट्ट्यात राखते.

विकराचा लगाम सुटला की ग्लुकोजचे विघटन जोराने होऊ लागते. पायरुव्हेटचे लॅक्टिक आम्ल होते आणि त्यातून एनएडी परत मिळते. परंतु या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे निव्वळ दोनच रेणू मिळतात. पूर्ण ऑक्सिडीकरणातून, आजच्या हिशेबाने, सुमारे ३० ते ३२ मिळतात. (जुन्या पुस्तकांतील ३६ अथवा ३८ हा आकडा आता मागे पडला आहे.) तेवढीच ऊर्जा मिळविण्यास सुमारे पंधरापट ग्लुकोज जाळावे लागेल. मेंदू व हृदय यांना हे परवडत नाही, म्हणून तेच प्रथम ढासळतात. रक्तात आम्लता वाढते, जनावर लडखडते, खाली बसते, झटके देते.

पशुवैद्य शिरेतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतो. नायट्राइटमुळे काही हिमोग्लोबिनातील लोहाचे रूप पालटते आणि ते सायनाइडला स्वतःकडे ओढून घेते. थायोसल्फेटच्या साहाय्याने शरीरातील एक विकर सायनाइडचे थायोसायनेट करते आणि ते मूत्रावाटे निघून जाते. उपचाराची ही पद्धतसुद्धा विक्रियांच्या दिशेवर नियंत्रण मिळविण्याचीच आहे. वेळ मात्र मिनिटांत मोजावा लागतो.

ज्वारीचे एक पान हाती घेऊन कप्प्यांची व्यवस्था, इलेक्ट्रॉन-वहन, चक्राचे एनएडीवरील अवलंबन, अन्यस्थानी निरोध आणि ऊर्जाभार असे पाच विषय एका कार्यकारणाच्या सूत्रात ओवले गेले, हे येथे लक्षात घ्यावे. पाठांतर यात कोठेही आले नाही. पायऱ्यांची नावे गरज पडली तेथे आली.

एका मराठी संशोधिकेचे कार्य

सायटोक्रोमचा विषय निघाला असता कमला सोहोनी यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे. माहेरच्या त्या भागवत. दुर्गाबाई भागवत त्यांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. पुढे तेथील संचालक सी. व्ही. रामन यांनी अटी घालून तो दिला. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे केलिन यांनी १९२५ साली प्राण्यांच्या, यीस्टच्या व अन्य पेशींतील सायटोक्रोमांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधलेले होते. वनस्पतींच्या ऊतकांतही सायटोक्रोम ‘सी’ असते आणि पेशीच्या श्वसनात ते भाग घेते, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील कामापासून आरंभ करून दाखविले. त्यावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले, नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला आणि त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या.

या कार्याचे महत्त्व केवळ अभिमानापुरते नाही. वनस्पती आणि प्राणी यांच्या श्वसनाची यंत्रणा मुळात एकच आहे, हा सिद्धान्त त्यामुळे दृढ झाला. ज्वारीतले विष बैलास का बाधते आणि ज्वारीस का बाधत नाही, हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो तो याच एकतेमुळे. यंत्रणा भिन्न असत्या, तर त्यात नवल वाटण्याजोगे काहीच उरले नसते.

ऊस आणि नियमनाची तीन घड्याळे

विकराचे नियमन किती वेगाने होते, हा मुद्दा बहुतेक पाठ्यक्रमांत विखुरलेला असतो. तो एकत्र मांडण्यासाठी तीन घड्याळांची कल्पना करता येईल.

पहिले घड्याळ सेकंदांचे. वर वर्णिलेला फॉस्फोफ्रुक्टोकायनेझवरील एटीपी-एएमपीचा परिणाम या वर्गात मोडतो. मार्गाच्या अखेरीस तयार होणारा पदार्थ त्याच मार्गातील पहिल्या विकरास अडवितो, हा प्रकारही यातलाच. १९५६ साली उंबार्गर यांनी आयसोल्युसीनच्या बाबतीत आणि येट्स व पार्डी यांनी पिरिमिडीनांच्या बाबतीत तो दाखवून दिला. विकर तेच राहते, त्याचा आकार किंचित बदलतो आणि कार्य थांबते.

दुसरे घड्याळ मिनिटांचे. बैल बुजला अथवा मनुष्य भ्याला, की अ‍ॅड्रिनलिन स्रवते. यकृत व स्नायू यांच्या पेशींत सायक्लिक एएमपीचा निरोप जातो, फॉस्फोरायलेझ या विकरास फॉस्फेट जोडले जाते आणि ग्लायकोजेन सुटू लागते. फिशर व एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास आणि सदरलंड यांनी त्यानंतर लवकरच या यंत्रणेचे दुवे उलगडले. हे एडविन क्रेब्ज आणि चक्राचे जनक हान्स क्रेब्ज या दोन व्यक्ती आहेत, हे वर्गात मुद्दाम सांगावे. उत्तरपत्रिकांतून त्यांची बहुधा एकच व्यक्ती होते.

तिसरे घड्याळ तासांचे आणि दिवसांचे. येथे विकर किती प्रमाणात घडवावयाचे, हेच बदलते. जाकोब व मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंतील लॅक्टोजच्या उदाहरणावरून हे स्पष्ट केले. उमरखेडच्या विद्यार्थ्यास मात्र उसाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. उसाच्या कोवळ्या, वाढत्या कांड्यांत आम्ल इन्व्हर्टेज हे विकर पुष्कळ असते. ते सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते आणि त्यांवर वाढ होते. कांडी पक्व होते तसे हे विकर कमी होत जाते आणि सुक्रोज साचू लागते. तोडणीपूर्वी पाणी तोडण्याची प्रथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वाढ थांबली की साखर खर्चण्याऐवजी साठविली जाते. वरचे वाढे गोड का लागत नाहीत, याचेही कारण हेच.

ऊस तोडल्यावर त्याचे जीवन लगेच संपत नाही. श्वसन चालू राहते, इन्व्हर्टेजचे कार्य वाढते, कापलेल्या टोकांतून सूक्ष्मजीव शिरतात आणि सुक्रोज घटू लागते. ऊन जितके अधिक, तितकी घट त्वरेची. तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळला जावा, असा आग्रह असतो तो यासाठी. फाटकावर अडकलेल्या गाडीत वजनाबरोबर साखरही उतरत असते, आणि तीही शेतकऱ्याच्या नजरेआड. या घटनेमागील विकराचे नाव त्याच्या मुलास ठाऊक असावे, एवढी अपेक्षा पदवी शिक्षणाकडून बाळगणे वावगे नाही.

प्रयोगशाळेत काय शक्य आहे

तालुक्याच्या ठिकाणी महागडी उपकरणे नसतात. तथापि चयापचयाचे नियमन दाखविण्यास ती अनिवार्यही नाहीत. मोड आलेली मटकी, ज्वारी, करडई व भुईमूग, साधा श्वसनमापक आणि दाहक पोटॅशचे द्रावण एवढ्यावर पुष्कळ काम भागते. कार्बन डायऑक्साइड पोटॅशमध्ये शोषला गेला असता आकारमानातील घट ही वापरलेल्या ऑक्सिजनची असते. पोटॅशशिवाय दुसरे मापन घेतले की दोहोंतील फरकावरून सुटलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो. उकळून गार केलेले बी तुलनेसाठी शेजारी ठेवावे. स्टार्च जाळणाऱ्या ज्वारीचा श्वसनांक एकाच्या आसपास येतो, तर रुजत्या करडईचा व भुईमुगाचा त्याहून बराच कमी. बी कोणते इंधन वापरीत आहे, हे त्याच्या आत न शिरता ओळखता येते, याचा विद्यार्थ्यांस आनंद होतो.

पाश्चर यांनी १८६१ साली असे नोंदविले की हवा मिळाली म्हणजे यीस्ट तेवढ्याच वाढीसाठी कितीतरी कमी साखर खर्च करते. या घटनेचे विकराच्या पातळीवरील स्पष्टीकरण मिळण्यास शंभर वर्षे लागली. पॅसोनो व लाउरी यांचा फॉस्फोफ्रुक्टोकायनेझवरील निबंध १९६२ चा आहे. वर्गात हा प्रयोग गुळाच्या पाण्यावर करावयाचा झाल्यास एक दक्षता आवश्यक आहे. पाक दाट असला तर यीस्ट भरपूर हवेतही किण्वनच करीत राहते आणि अपेक्षित फरक दिसत नाही. म्हणून द्रावण अगदी पातळ घ्यावे, आणि दाट द्रावणातील निष्कर्षही मुद्दाम नोंदवून तो का आला, यावर चर्चा घडवावी. नियमनाचे कोणतेही विधान सर्व परिस्थितींत सारखे लागू नसते, ही जाण अशा चर्चेतूनच येते. १९८० साली सापडलेल्या फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेटमुळे यकृतातील फॉस्फोफ्रुक्टोकायनेझच्या नियमनाची समजूत पुन्हा सुधारून घ्यावी लागली, हेही या ओघात सांगावे.

ज्वारीच्या कोवळ्या पानातील सायनाइड पिक्रेटच्या कागदाने ओळखता येते. पिवळा कागद विटकरी होतो. हे प्रात्यक्षिक अध्यापकाने स्वतः, चिमूटभर पानांवर, हवेशीर जागी करून दाखवावे. पिक्रिक आम्ल कोरडे झाल्यास स्फोटक असते, म्हणून ते ओले ठेवण्याची खबरदारी घ्यावी. सायनाइडचे क्षार पदवीच्या प्रयोगशाळेत आणण्याचे काहीच प्रयोजन नाही.

ज्ञानाचा संबंध प्राणांशी

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. राज्य शासनाने या प्रकरणी विशेष तपास पथक नेमले. त्या वेळी चर्चेत आलेल्या कीटकनाशकांत प्रोफेनोफॉस व मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेटे होती. ती मज्जातंतूंच्या संधींवरील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेझ या विकरास अडवितात. त्याच यादीत डायाफेंथियुरॉन होते. त्याचे कार्य अगदी निराळे आहे : प्रकाशामुळे अथवा शरीरात त्याचे कार्बोडायइमाइड होते आणि ते तंतुकणिकेतील एटीपी सिंथेझला अडविते. पहिल्या प्रकारावर अ‍ॅट्रोपीनचा उपयोग होतो. दुसऱ्यावर तसा विशिष्ट उतारा नाही. डबीवरील रासायनिक नाव वैद्यापर्यंत पोहोचणे किती निकडीचे आहे, हे यावरून उघड होते.

या संदर्भात पदवी परीक्षेत विचारण्याजोगा एक प्रश्न असा. तीन विषे आहेत : एक सायटोक्रोम ऑक्सिडेझ अडविणारे, दुसरे एटीपी सिंथेझ अडविणारे, तिसरे पटलातून प्रोटॉन गळू देणारे, जसे डायनायट्रोफेनॉल. प्रत्येकाने ऑक्सिजनचा वापर व एटीपीची निर्मिती यांचे काय होईल? एटीपी तिन्हींमध्ये घटते. ऑक्सिजनचा वापर मात्र पहिल्यात थांबतो. दुसऱ्यातही मंदावतो, कारण प्रोटॉनांना परतण्याची वाट न उरल्याने त्यांचा दाब वाढतो आणि साखळी अडते. तिसऱ्यात तो उलट वाढतो आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दुसऱ्या विषानंतर तिसरे दिले, तर ऑक्सिजनचा वापर पुन्हा सुरू होतो, परंतु एटीपी परतत नाही. पहिल्यानंतर तिसरे दिल्यास काहीच सुरू होत नाही. मिचेल यांनी १९६१ साली मांडलेला प्रोटॉन-दाबाचा सिद्धान्त ज्यास खरोखर उमगला आहे, तोच याचे उत्तर कारणांसह देऊ शकेल. आकृती पाठ असण्याने ते साधणार नाही.

अशा अध्यापनास अधिक तासिका लागतील, अशी शंका घेतली जाते. अनुभवी अध्यापकांना ठाऊक आहे की प्रत्येक विक्रियेची संरचना फळ्यावर काढण्यातच निम्म्या तासिका खर्ची पडतात. संरचना पुस्तकात आहेत. त्या विद्यार्थ्याने घरी पाहाव्यात. वर्गातील वेळ ‘हे केव्हा थांबते’ आणि ‘हे अडविले तर पुढे काय होईल’ या दोन प्रश्नांसाठी राखावा. ग्लुकोजचे विघटन शिकविताना दहांपैकी केवळ तीन पायऱ्या अपरिवर्तनीय आहेत आणि नियमन मुख्यतः तेथेच होते, एवढे ध्यानी आले, तरी उरलेल्या सात पायऱ्यांचे ओझे पुष्कळ हलके होते.

उमरखेडसारख्या गावी पदवी घेणाऱ्यांपैकी फार थोडे जीवरसायनशास्त्राच्या संशोधनाकडे वळतील. बहुतेक शिक्षक होतील, औषधांच्या अथवा बियाण्यांच्या दुकानात काम करतील, दवाखान्यात साहाय्यक होतील किंवा शेती पाहतील. डबीवरचे नाव वाचून मजुरास कोणता धोका आहे, हे सांगणारा, आणि पावसाने ओढ दिल्यावर ज्वारीच्या फुटव्यांत गुरे सोडू नका असे कारणासह बजावणारा माणूस गावात हवा असतो. तो घडविण्याची संधी पदवीच्या वर्गात, चयापचयाच्या त्या थोड्या तासिकांत मिळते. पुढील वर्षाचे पाठ-नियोजन करताना नियमनाचे प्रकरण आरंभी घेऊन पाहावे आणि वर्षाखेरीस उत्तरपत्रिकांत काय फरक पडला, ते या पत्रिकेस कळवावे, अशी सर्व संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना विनंती आहे.